संग्रहालयात मुलांना एकच प्रश्न द्यावा : ‘कशावरून?’

वस्तुसंग्रहालयाची भेट आणि डिजिटल साधने यांमुळे माध्यमिक शाळेतील मुलांची सर्जनशील व चिकित्सक विचारशक्ती खरोखर वाढते का, आणि वाढत असेल तर शिक्षकाने नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यात बरीच वर्षे आठवी-नववीच्या वर्गांना इतिहास शिकवतो. माझ्या अनुभवात ती वाढते. त्यासाठी मुलांना थोड्या वस्तूंसमोर पुष्कळ वेळ उभे राहू द्यावे लागते, आणि त्यांच्या प्रत्येक विधानावर ‘कशावरून?’ एवढेच विचारावे लागते.

माझी पहिली सहल फसली होती. नव्वद मुले, दोन रांगा, दीड तास, आणि प्रत्येकाच्या हातात रिकाम्या जागा भरण्याची प्रश्नपत्रिका. मुलांनी काचेखालच्या पाट्या वाचून जागा भरल्या. वस्तूंकडे फारसे कोणी पाहिलेच नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले तेव्हा त्यांना पायऱ्या आणि वाटेत खाल्लेली भेळ तेवढी आठवत होती. चूक सर्वस्वी माझ्या आखणीत होती, आणि ती मला फार लागली.

पुढच्या वर्षी मी पंचवीस मुलांना कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात नेले आणि एकाच मूर्तीपुढे थांबवले. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी येथे १९४० च्या दशकात काशाच्या वस्तूंचा एक साठा सापडला आणि १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. त्या साठ्यातली ही मूर्ती वीतभरापेक्षाही लहान आहे. पाटी वाचायची नाही, एवढीच अट मी घातली होती. सुरुवातीची काही मिनिटे मुले नुसती चुळबुळत होती. मग एक मुलगी म्हणाली, “सर, हा पहिलवान आहे.” कोल्हापूरच्या मुलीने दुसरे काय म्हणावे! “कशावरून?” असे विचारताच तिने उघडे अंग, भरदार छाती आणि वर उचललेला हात दाखवला. त्यावर तालमीत जाणारा एक मुलगा म्हणाला की पहिलवान अशी दाढी ठेवणार नाही, कुस्तीत ती समोरच्याच्या हातात सापडेल. तिसऱ्याला वाटले की वरच्या हातात पूर्वी काहीतरी असले पाहिजे, एरवी हात असा कशाला धरील. एवढे झाल्यावर मी सांगितले की हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन असून त्याच्या हातात त्रिशूळ असतो. ज्याने रिकामा हात टिपला होता, त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

या पद्धतीला शास्त्रीय आधार आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षणविभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसन यांनी कलाकृती पाहण्याची एक रीत घडवली. तिच्यात शिक्षक तीनच प्रश्न विचारतो : इथे काय चालले आहे, असे म्हणायला तुला काय दिसते, आणि आणखी काय सापडते. मधल्या प्रश्नाला आपल्याकडे ‘कशावरून’ हा नेमका शब्द आहे. तो उलटतपासणीच्या सुरात विचारला तर मुले गप्प होतात. कुतूहलाने विचारला तर तीच मुले आपले म्हणणे स्वतःच तपासू लागतात.

डिजिटल साधने येतात ती या टप्प्यानंतर, कारण समुद्रदेव कोल्हापुरात कसा आला हा प्रश्न मुलांनीच काढलेला असतो. नकाशावर त्यांनी सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे शोधली, घाट कुठून उतरतात ते पाहिले, आणि रोमशी चालणाऱ्या व्यापाराचा अंदाज बांधला. मग मी पडद्यावर उलट दिशेने गेलेली एक वस्तू दाखवली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि ती आज इटलीत नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आमच्या मुलांना नेपल्स गाठणे शक्य नाही, परंतु छायाचित्र मोठे करून तिचे दागिने, दोन्ही बाजूंच्या लहान दासी आणि डोक्यात वरून पाडलेले भोक हे सारे त्यांनी न्याहाळले. ते भोक कशासाठी असावे, यावर प्रत्येकाने चित्र काढले. कुणी आरशाची मूठ काढली, कुणी पेटीचा पाय, एकाने चक्क दिवा काढला. विद्वानांतही आरशाची मूठ की एखाद्या सामानाचा पाय असा मतभेद आहे, हे मी चित्रे काढून झाल्यावर सांगितले.

खरी चिकित्सा पुढे झाली. अनेक संकेतस्थळे या मूर्तीला बिनदिक्कत ‘लक्ष्मी’ म्हणतात; बऱ्याच अभ्यासकांना ती यक्षी वाटते. तिच्याशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यातील तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या असल्याने ती दख्खनमध्ये घडली असावी असे एक मत आहे, तर तिच्या तळाशी खरोष्ठी या वायव्येकडील प्राचीन लिपीतले अक्षर असल्यामुळे ती वायव्य भारताशी जोडावी असे दुसरे. मी वर्गाचे दोन गट केले आणि प्रत्येकाला आपल्या मताविरुद्ध जाणारा एक तरी पुरावा मान्य करून बोलायला सांगितले. माहिती देणाऱ्या यंत्राकडून, म्हणजे हल्लीच्या एआयकडून, उत्तर आणण्यासही मी मनाई केली नाही. फक्त त्या उत्तरातील प्रत्येक वाक्यासमोर ‘कशावरून’ लिहून जे रिकामे राहील ते खोडायचे, असा नियम ठेवला. पुष्कळ वाक्ये खोडली गेली.

तुमच्या गावाजवळ संग्रहालय नसेल तरी अडू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांपर्यंत जाते, आणि ती आली नाही तरी घरोघरी जुन्या वस्तू आहेतच. आम्ही मुलांना घरातील एक वस्तू मोबाइलवर चार बाजूंनी टिपून तिची नोंद करायला सांगतो : काय आहे, कशाचे आहे, माप किती, माहिती कुणी दिली, आणि आपण स्वतः पाहिले ते कोणते. शेवटचे दोन रकाने मी कधीही वगळू देत नाही.

गेल्या वर्षी दोन मुलांनी पितळेची मापटी आणली. मापटे म्हणजे अर्धा शेर, असे दोघांच्याही आज्यांनी सांगितले होते. एकाच पोत्यातला तांदूळ दोन्हींत शिगोशीग भरून तराजूवर ठेवला, तर वजनात चांगलाच फरक आला. आधी तराजूवर संशय घेतला गेला, मग तांदूळ दाबून भरल्याचा आरोप झाला, मग दोन्ही मापे पाण्याने भरून पाहिली, आणि फरक राहिलाच. देशात मेट्रिक वजने १९५८ पासून लागू होऊ लागली, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवले. नोंदवहीत त्या दोघांनी ‘अर्धा शेर’ खोडून ‘आजीच्या म्हणण्याप्रमाणे अर्धा शेर’ असे लिहिले, आणि खाली प्रश्न टाकला : मग बाजारात कोणाचे मापटे धरायचे?