घाटेअळीचा पतंग आणि अमेरिकेतला मक्यावरचा पतंग वेगळे कसे ओळखतात?

पंखांवरून नाहीच, नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली उघडून बघतात. आतली पातळ पिशवी फुगवली की तिच्या बुडाशी आपल्या घाटेअळीत (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) एक फुगवटा दिसतो, अमेरिकेतल्या झिया जातीत तीन. कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नराला ओढणारा) इथे उपयोगाचा नाही, कारण दोघींच्या मादीचा गंध जवळजवळ सारखाच आणि एकाच सापळ्यात दोन्ही नर येतात. तंबाखूवरची असल्टा ही याच गटातली तिसरी जात मात्र गंधावरून वेगळी काढता येते: गंधाचे घटक तेच, प्रमाण उलटं. शंका उरली किंवा हाती फक्त अळी असली, तर डीएनए तपासतात. ब्राझीलमध्ये मात्र जपून: २०१३ मध्ये तिथे आर्मिजेराची नोंद झाली, पुढे तिचे झियाशी झालेले संकरही सापडले. मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए आईकडूनच येतो, त्यामुळे संकर ओळखायला केंद्रकातली जनुकंही तपासावी लागतात.