मुलीला नको, तुम्हालाच समजावतो

प्रश्न : मुलगी यंदा कॉम्प्युटर इंजिनिअर होतेय. कॅम्पसमधून पुण्याच्या कंपनीची ४.२ लाखांची ऑफर आहे. तिच्याच वर्गातल्या मुलाला त्याच पदासाठी ४.८ लाख. ती एचआरला विचारायचं म्हणते. मी म्हणतो गप्प बस, ऑफर जाईल. खासगी कंपनी आहे, कुणाला किती द्यायचं ते मालक ठरवणार. शिवाय दोन वर्षांत लग्न करायचंच आहे. तिला समजावा. की बँकेच्या परीक्षा द्यायला लावू? – एक पालक, सांगली

उत्तर : बँकेच्या परीक्षा तिला हव्या असतील तर द्याव्यात, यातून सुटका म्हणून नकोत.

मला खटकलं ते 'शिवाय'. साठ हजारांचा आणि लग्नाचा काय संबंध? मुलगा असता तर हे वाक्य तुम्ही लिहिलं असतंत का? पुढची पगारवाढ टक्क्यांत होते, नवी कंपनी बहुतेकदा जुनी सॅलरी स्लिप मागते. आजची तूट लग्नानंतरही तिच्या मागे लागणार आहे. कंपनीने अजून तिला कमी लेखलंय की नाही माहीत नाही, घरात मात्र ते झालंय.

'खासगीत मालक ठरवणार' हा गैरसमज फार पसरलेला आहे. १९७६ पासून समान वेतनाचा कायदा खासगी कंपन्यांनाही लागू होता. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झीत ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफरला त्याच कामाच्या पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. युनियनशी करार झालाय, परवडत नाही, अशी कारणं कंपनीने दिली. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती धुडकावली. आता तीच तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे.

मात्र लगेच भांडायला जाऊ नका. मित्राची हरकत नसेल तर दोघांच्या ऑफर लेटरमागचे पगाराचे तक्ते शेजारी ठेवून बघा. बेसिक (मूळ पगार), एचआरए (घरभाडं भत्ता), कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा भाग), जॉइनिंग बोनस. कधी कधी फरक फक्त बोनसचा निघतो, कधी पदच वेगळं असतं. बेसिकच कमी निघाला तर मेल करायचा : 'या पदाची वेतनश्रेणी आणि माझा पगार कशावरून ठरला, हे कळेल का?' मित्राचं नाव त्यात नको. एवढ्यावरून ऑफर काढणारी कंपनी आधीच कळलेली बरी.

मेल तिनेच लिहायचा. तुम्ही एचआरला फोन करू नका, तेवढं पाळा.