पेट असलेल्या क्लासला एक्सपी कमी मिळतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन खेळात तुमचा लेव्हल 20 चा हंटर आहे, म्हणजे पेट (पाळीव प्राणी) सोबत घेऊन लढणाऱ्या क्लासचं, अर्थात प्रकारचं, पात्र. चोपड्याला राहणाऱ्या तुमच्या मावसभावाचा वॉरियरही तेवढ्याच लेव्हलचा. दोघं मिळून खेळलात की प्रत्येक मॉबमागे (मारायच्या शत्रूमागे) निम्मेच एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) पडतात, आणि पेट तर चार लेव्हल मागे राहिलाय. तेव्हा पेट तुमचे एक्सपी खातो का?

नाही भाऊ. तुमचे निम्मे एक्सपी मावसभावाकडे जातायत, आणि ते नियमानेच जातायत. पेट मागे पडण्याचं कारण अगदी वेगळं आहे.

आधी आकडा बघा. क्लासिकच्या मूळ दोन खंडांत तुमच्याच लेव्हलचा साधा मॉब मारला, तर लेव्हल गुणिले 5 अधिक 45 एवढे एक्सपी मिळतात. लेव्हल 20 ला ते होतात 145. पेट सोबत असो, नसो, सगळं डॅमेज त्यानेच केलेलं असो, आकडा 145 च राहतो. पेटने मॉबला पहिला फटका मारला तरी तो मॉब तुमच्याच नावावर लागतो. ग्रुपमध्ये मात्र वाटणी होते. सारख्या लेव्हलचे दोघे असतील तर प्रत्येकी 72 च्या आसपास. पाच जणांच्या ग्रुपला थोडा बोनस असतो, दोघांना तोही नाही. लेव्हल वेगळ्या असल्या तर हिस्सा लेव्हलच्या प्रमाणात पडतो, म्हणजे तुम्ही 20 आणि तो 40 असाल तर तुमच्याकडे तिसरा हिस्सा. शिवाय मोठ्या गड्याला ज्या मॉबच्या लेव्हलचा आकडा राखाडी दिसतो, म्हणजे जो त्याच्यापेक्षा फारच खालचा असतो, त्याचं तुमच्या पदरात अगदीच किरकोळ पडतं. या सगळ्या हिशोबात पेट ग्रुपचा सदस्य म्हणून मोजलाच जात नाही.

तरी ‘पेट एक्सपी खातो’ हा समज हवेतून आलेला नाही. काही जुन्या खेळांत तो खरोखर खायचा. लिनिएज 2 मध्ये समनरच्या (जनावरं बोलावून लढणाऱ्या क्लासच्या) काही जनावरांच्या वर्णनातच लिहिलेलं असे की मिळालेल्या एक्सपीतला इतका टक्का जनावराकडे जाईल. फायनल फँटसी 11 मध्ये बीस्टमास्टरने भुरळ घालून आणलेला प्राणी मॉब मरताना सोबत असला, तर सुरुवातीच्या वर्षांत एक्सपी कापले जात. म्हणून जाणते खेळाडू शेवटच्या फटक्याच्या आधी प्राण्याला सोडून द्यायचे. अशी उत्तरं आजही शोधात वर येतात, आणि माणूस एका खेळाचा नियम दुसऱ्या खेळाला लावून बसतो. त्यामुळे कुठलाही नवा खेळ हातात घेतलात की आधी विचारा: पेटचे एक्सपी कुठून येतात?

आपल्याकडच्या शेतीच्या भाषेत सांगतो. पेट एकतर पाडव्याला ठरलेला सालदार असतो, नाहीतर बटाईदार. बटाईदार तुमच्या पिकातून हिस्सा उचलतो. लिनिएजचं जनावर त्यातलं. सालदाराचं आधीच ठरलेलं असतं, पीक किती आलं यावर त्याचं मोजमाप नाही. वॉरक्राफ्टमधल्या वॉरलॉक या क्लासचा पेट, म्हणजे त्याचा डीमन, हा असा. त्याला एक्सपीच नसतात, मालकाची लेव्हल वाढली की तोही वाढतो. सिटी ऑफ व्हिलन्स या खेळातल्या मास्टरमाइंडची प्यादीही याच जातीची: ती लढतात, श्रेय मालकाला.

तुमच्या क्लासिक हंटरचा पेट या दोन्हींत बसत नाही. तो स्वतःचे एक्सपी स्वतः कमावतो, आणि ते तुमच्या 145 मधून वजा होत नाहीत. त्याला पुढच्या लेव्हलसाठी लागतंही कमी, माणसाला लागतं त्याच्या साधारण चौथाई. मग एवढं स्वस्त असून तो मागे का पडतो? कारण क्वेस्टचे, म्हणजे खेळात नेमून दिलेल्या कामगिऱ्यांचे, एक्सपी त्याला मिळत नाहीत, फक्त मारलेल्या मॉबचे मिळतात. तुम्ही पाच क्वेस्ट एकदम जमा करता, तुमची लेव्हल वर जाते, आणि पेट तिथेच उभा. तबेल्यात ठेवलेला किंवा मेलेला पेटही काही कमावत नाही. त्यातून तुम्ही दोघं वॉरियरच्या जोरावर क्वेस्टच जास्त करत असाल, तर चार लेव्हलचा फरक पडणारच.

त्याची भूकही बघा. क्लासिकमध्ये पेट खूश असेल तर 125 टक्के डॅमेज करतो, बरा असेल तर 100, नाराज असेल तर 75. खूश आणि नाराज यांत एवढं अंतर आहे की मॉब मारायला लागणारा वेळच बदलतो, आणि वेळ म्हणजेच तासाचे एक्सपी. पेटचा मूड दाखवणारा चेहरा हिरवा हवा, पिवळ्यावर समाधान मानू नका. मांजर पाळलं असेल तर मांस किंवा मासे, लांडग्याला मांसच, रानडुक्कर मिळेल ते खातं. खाणं पेटच्या लेव्हलला शोभेल असं असावं, फार खालचं दिलं तर तो तोंड लावत नाही. फार दिवस उपाशी ठेवलात तर निष्ठा घसरत घसरत तो सोडूनही जातो. मला हंटरमधला हा भाग सगळ्यात आवडतो. जळगावच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, पडदे ओढून, कूलर लावून खेळत बसलो की पेटला मासा काढून देणं हेही खेळण्यातलंच काम वाटतं. कॅटॅक्लिझम या विस्ताराच्या काळात मूळ वॉरक्राफ्टमध्ये पेटची लेव्हल आपोआप मालकाइतकी व्हायला लागली. सोय झाली हे खरं, पण जनावर वाढवल्याचं समाधान गेलं, आणि मला तो बदल आजही पटत नाही. 2019 मध्ये खेळाचं जुनं रूप क्लासिक म्हणून परत आलं तेव्हा मी हंटरच निवडला तो यासाठी.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. एकदा ग्रुप सोडून एकटे बाहेर पडा. एक्सपीची पट्टी निळी नको, जांभळी हवी. निळी म्हणजे विश्रांतीचा बोनस चालू असतो, मारलेल्या मॉबचे एक्सपी दुप्पट होतात आणि तुलना फसते. तुमच्याच लेव्हलचा एक मॉब पेटकडून मारून घ्या, मग पेटला परत पाठवून तसाच दुसरा मॉब स्वतः मारा. चॅटच्या खिडकीत दोन्ही आकडे दिसतील, आणि सारखेच दिसतील.

नंतर पेटसाठी तासभर तीन-चार लेव्हल खालचे, लेव्हलचा आकडा हिरवा दिसणारे मॉब एकामागून एक मारा. हे काम एकट्यानेच करा. तुम्हाला एक्सपी थोडे कमी पडतील, पण मॉब पटापट मरतात, पेट मरत नाही, आणि त्याला लागणारी चौथाई लवकर भरते. एवढा धीर नसेल तर तुमच्या लेव्हलच्या जवळचा नवा प्राणी पकडा, क्लासिकमध्ये तो जंगलात ज्या लेव्हलचा असतो त्याच लेव्हलचा हाती येतो. जुना तबेल्यात ठेवा, सोडून देऊ नका.

मावसभावाबरोबर खेळणं मात्र बंद करू नका. मॉबमागे निम्मेच मिळाले तरी दोघं मिळून दुप्पट वेगाने मारत असाल तर तासाचा हिशोब जवळपास बरोबरीत येतो, आणि एलिट (जास्त तगड्या) मॉबच्या क्वेस्ट एकट्या हंटरला 20 व्या लेव्हलला जड जातात. क्वेस्टला त्याला घेऊन जा, पेट वाढवायला एकटे जा.