जीर्ण सिद्दूर रद्दीत द्यावेत का?

प्रश्न : आजोबांचे हिब्रू-मराठी सिद्दूर (यहुदी प्रार्थनापुस्तकं) माळ्यावर सापडले. काहींना वाळवी लागली आहे. रद्दीत दिले तर चालतील का? – एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : मुळीच नाही. हिब्रूत देवाचं नाव छापलेलं पान फाडत, जाळत किंवा कचऱ्यात टाकत नाहीत. अशी पुस्तकं गनिझात (जीर्ण धर्मग्रंथ साठवण्याच्या जागी) जमा करून पुढे यहुदी दफनभूमीत पुरतात. सुटी पानं आणि बांधणीचे पुठ्ठेही सोबतच जातात. टेंभी नाक्याजवळच्या शाआर हाशामायिम सिनगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनास्थळ, स्थापना १८७९) आधी विचारून घ्या. दाराशी पिशवी ठेवून परस्पर निघू नका.

वाळवी लागलेली पुस्तकं आजच वेगळी काढा, नाहीतर धडधाकटही जातील. वापरण्याजोग्यांची फाटकी पानं चिकटवा, फक्त शब्बाथला (आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी) नको. रचताना हुमाश (तोराचे, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ) सर्वांत वर, नेवीईम (संदेष्ट्यांचे ग्रंथ) त्याखाली. पुस्तक पालथं ठेवू नये. पडलं तर लगेच उचलून चुंबन घेतात.

सेफर तोरा (चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी) असेल तर मात्र हौशी दुरुस्ती नकोच. चर्मपत्राला उघडा हात लावत नाहीत, वाचताना ओळ दाखवायला ‘याद’ वापरतात. एक अक्षर तुटलं तरी सेफर वाचनाला अपात्र ठरतो आणि ते पेनने गिरवून भागत नाही. ते काम प्रशिक्षित सोफेरचं (धर्मग्रंथ हाताने लिहिणाऱ्या लेखनिकाचं). दुरुस्त होण्यापलीकडे गेलेला सेफर मातीच्या भांड्यात ठेवून पुरतात.