सोसायटीतला बिबट्या, ग्रुपवरचा बिबट्या

या वेळची पत्रं ठाणे, मुलुंड, बदलापूर आणि पुण्यातल्या वाचकांची आहेत. प्राणी वेगवेगळे, पण तक्रार बहुतेकांची एकच: सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर मेसेज पडत राहतात आणि करायचं काय ते कुणालाच कळत नाही.

प्रश्न : आमची सोसायटी घोडबंदर रोडला, राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. गेल्या आठवड्यात रात्री पावणेतीनला सीसीटीव्हीत कंपाउंडच्या भिंतीवरून बिबट्या जाताना दिसला. मी सेक्रेटरी आहे. क्लिप ग्रुपवर टाकली तर घबराट होईल, फ्लॅटचे भाव पडतील, असं कमिटीतल्या काहींचं म्हणणं. नाही टाकली आणि उद्या काही झालं तर खापर माझ्यावर. काय करू?

बातमी द्या. दाबून ठेवलेली क्लिप दोन दिवसांत कुणाच्या तरी मोबाइलवरून बाहेर पडतेच, आणि तोवर तिला तिखटमीठ लागलेलं असतं. भावाचं म्हणाल, तर 'निसर्गाच्या कुशीत घर' अशी जाहिरात वाचूनच आपण बुकिंग केलं होतं. त्या कुशीत आधीपासून कोण राहतं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, इतकंच.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) अभ्यासात उद्यान आणि आसपासच्या भागात ४७ बिबटे नोंदले गेले. उद्यानाला खेटून असलेल्या भिंतीवरून रात्री बिबट्या जाणं ही तिथली रोजची रहदारी समजा. तो दिवसाढवळ्या आवारात बसून राहिला, जखमी दिसला, पिल्लं सापडली किंवा जिन्यात, पार्किंगमध्ये शिरला, तर प्रकरण वेगळं. तेव्हा आधी फोन, मग मेसेज.

मेसेज असा लिहा: 'काल रात्री २.४५ वाजता मागच्या गेटजवळच्या भिंतीवरून बिबट्या उद्यानाच्या दिशेने गेला. फुटेज मी स्वतः पाहिलं. सध्या तो आवारात नाही. वनविभागाला १९२६ वर कळवलं आहे. अंधार पडल्यावर आणि पहाटे मागच्या बाजूला मुलांना एकटं सोडू नका. पुढची माहिती मीच देईन.' कुठे, कधी, कुणी पाहिलं, आता काय स्थिती, काय करायचं. एवढं झालं की त्या दिवसापुरता ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन'वर ठेवा. 'बाप रे', हात जोडलेले वीस इमोजी आणि कुणाच्या तरी मेव्हण्याने पाहिलेला दुसरा बिबट्या, यांत कामाचा मेसेज वर निघून जातो.

आता खरी अडचण. ज्यांना ही बातमी सर्वांत आधी कळायला हवी, ते तुमच्या ग्रुपवर नाहीतच. रात्रपाळीचा वॉचमन, पाच वाजता येणारा पेपरवाला, दूधवाला, कचरा उचलणारे सफाई कामगार, अंधारात स्टॉपवरून चालत येणाऱ्या घरकामाच्या मावशी आणि भिंतीपलीकडची वस्ती. फ्लॅटमध्ये झोपलेल्या माणसाला बिबट्याचा धोका जवळपास शून्य, पण त्यालाच ग्रुपवर पहिली सूचना मिळते. म्हणून तोच मजकूर मराठीत आणि हिंदीत कागदावर लिहून गेटवर, लिफ्टमध्ये आणि वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वॉचमनने तोंडी सांगावं. २०२२ च्या दिवाळीत आरे कॉलनीत पहाटे बिबट्याच्या हल्ल्यात दीड वर्षाचीसुद्धा नसलेली मुलगी गेली. लहान मूल, कमी उजेड आणि आसपास मोठं माणूस नसणं, या तीन गोष्टी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत.

आणि कचराकुंडी झाका. उघड्या कचऱ्यावर कुत्री, डुकरं आणि उंदीर येतात, आणि त्यांच्या मागे तो. उद्यानाच्या परिसरातल्या बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचं अभ्यासांत दिसलेलं आहे. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या सभासदांशी भांडण काढू नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यासाठी जागा ठरवून द्यायची जबाबदारी सोसायटीचीच आहे. ती मागच्या भिंतीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब ठरवा आणि उरलेलं अन्न तिथे पडू देऊ नका.

प्रश्न : वनविभाग पिंजरा का लावत नाही? आम्ही मुलुंडच्या दोनशे सभासदांच्या सह्या गोळा केल्यात.

सह्या जपून ठेवा, पथदिव्यांची मागणी करताना उपयोगी पडतील. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे. नुसता दिसला म्हणून त्याला पकडता येत नाही. त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरल्याचं कारण लागतं.

कायदा बाजूला ठेवला तरी पकडून लांब सोडण्याचा उपाय फसलेला आहे. जुन्नर भागात २००१ नंतर बरेच बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्या काळात माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, असं वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळलं. अनोळखी मुलुखात सोडलेला प्राणी बिथरतो, आणि इकडे रिकामी झालेली हद्द दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या धरतो. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका नर बिबट्याला ठावठिकाणा कळवणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं होतं. 'आजोबा' नावाने तो गाजला. रेल्वेरूळ आणि महामार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालत तो मुंबईच्या वेशीपर्यंत आला. आता तुमच्या पिंजऱ्यातला बिबट्या नेऊन कुठे सोडायचा, ते सांगा.

मात्र आवारात अडकलेल्या बिबट्याला काढणं हे वनविभागाचंच काम आहे, आणि तिथे सोसायटी घोळ घालते ती गर्दी करून. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यात एक बिबट्या मॉलच्या पार्किंगमध्ये आणि तिथून जवळच्या हॉटेलच्या तळघरात शिरला होता. त्याला बेशुद्ध करून सुखरूप बाहेर काढलं. अशा वेळी दारं बंद, लिफ्ट बंद, बाल्कनीतून आरडाओरडा बंद. त्याच्या जायच्या वाटेवर माणूस नको. आणि लाइव्ह लोकेशन तर अजिबात टाकू नका, अर्ध्या तासात शेजारच्या चार सोसायट्या मोबाइल उंचावून हजर होतात.

प्रश्न : अचानक समोरच आला तर?

पळू नका, खाली बसू नका, वाकू नका. मूल असेल तर उचलून घ्या. त्याच्याकडे तोंड ठेवून, मोठ्याने बोलत, हळूहळू मागे सरा. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. सेल्फी काढणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही.

प्रश्न : बदलापूरला आमच्या तळमजल्यावर पावसाळ्यात साप निघतात. वॉचमन काठीने मारतो. सर्पमित्राला बोलावलं तर तो आधी गळ्यात घालून रील काढतो. ग्रुपवर मात्र प्रत्येक साप 'मण्यार'.

ग्रुपवरची मण्यार बऱ्याचदा कवड्या असतो. तो बिनविषारी, आणि पाली खायला भिंत चढून थेट घरात येतो. त्याचे पांढरे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यारीचे बारीक, बहुधा जोडीजोडीने, मानेच्या बरेच खाली सुरू होणारे आणि शेपटीकडे ठळक. हे वाचून ओळख पटवायला जवळ जाऊ नका. फोटो लांबून, झूम करून काढा आणि एका माणसाने सापावर नुसती नजर ठेवावी. साप गेला कुठे हे माहीत नसलं की रात्रभर अख्खा मजला जागा राहतो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आपल्याकडचे बहुतेक जीवघेणे दंश या चौघांचे. गटारात दिसणारा दिवड चिडका आहे, चावतो, पण विषारी नाही. धामण तर तुमचे उंदीर फुकटात कमी करते. साप मारणं गुन्हा आहे, हे वॉचमनला नीट समजवा. काठी घेऊन जवळ गेलं की तोच चावला जाण्याची शक्यता वाढते, हेही सांगा. सर्पमित्र वनविभागाकडे नोंद असलेलाच बोलवा. रील काढणाऱ्याला पुन्हा बोलावू नका. बरणी, कापडी पिशवी, हुक, काम संपलं. फिनेल किंवा कार्बोलिक शिंपडून साप येत नाहीत हा समज आहे. दाराखालची फट बंद करा, ड्रेनेजला जाळी लावा, भिंतीलगतचा राडारोडा उचला.

दंश झालाच तर करकचून दोरी आवळणं, ब्लेड मारणं, विष चोखणं, मांत्रिक, सगळं वर्ज्य. अंगठी, बांगड्या काढा, हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. मण्यारीचं विशेष सांगतो. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात. ते पित्त समजून सोडा पिण्यात वेळ जातो. प्रतिसर्पविष (सर्पदंशावरचं इंजेक्शन) या चारही सापांवर चालतं, पण प्रत्येक नर्सिंग होममध्ये ते असेलच असं नाही. पावसाळ्याआधी एका सभासदाने दोन-तीन रुग्णालयांत फोन करून चौकशी करावी आणि नाव-नंबर केबिनमध्ये चिकटवावा. पूर्ण मोसमातल्या सगळ्या फॉरवर्डपेक्षा हा एक कागद जास्त कामाचा आहे.

प्रश्न : पुण्यात बाणेरला आमच्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर आग्या मोहोळ लागलंय. पेस्ट कंट्रोलवाला उद्या दुपारी फवारणी करतो म्हणतोय.

उद्याची फवारणी आजच रद्द करा. बिबट्यापेक्षा मला या मोहोळाची जास्त धास्ती वाटते. भर दुपारी औषध मारलं की हजारो माश्या खवळून खाली खेळणाऱ्या पोरांवर आणि बाकावर बसलेल्या आजी-आजोबांवर तुटून पडतात. एका माशीने नांगी मारली की त्या जागी एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. त्या वासावर बाकीच्या येतात, म्हणून झटकत बसलं की हल्ला वाढतो. तोंड झाकून पळत बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट पाहतात. नांगी नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. खूप डंख बसले, धाप लागली, ओठ सुजले तर थेट रुग्णालय गाठा.

आग्या माश्या हंगामानुसार स्थलांतर करतात, कायम राहत नाहीत. मोहोळ कुणाच्या वाटेत नसेल तर वरखालच्या तीन-चार फ्लॅटनी खिडक्या आणि रात्रीचे दिवे बंद ठेवून वाट बघणं स्वस्त पडतं. काढायचंच तर अंधार पडल्यावर, जाणकार माणसाकडून, आणि आदल्या दिवशी सगळ्यांना कळवून. सूचना ग्रुपवर टाकताना दोन माणसं हमखास सुटतात: दोरीला लटकून काचा पुसणारा आणि रंगारी. ते मोहोळाच्या सर्वांत जवळ असतात आणि पळायला त्यांच्याकडे जागा नसते. मोहोळ असेपर्यंत त्या बाजूचं काम थांबवा, फटाके आणि ड्रोनही.

प्रश्न : एक काका रोज कुठला तरी बिबट्या किंवा अजगर फॉरवर्ड करतात. मुलगा म्हणतो ते एआयने बनवलेलं आहे. कसं ओळखायचं?

पंजे मोजत बसू नका. काकांना तीन गोष्टी विचारा: कोणती इमारत, किती वाजता, मूळ फुटेज कुणाकडे आहे. उत्तर 'आलं होतं' असं असेल तर अ‍ॅडमिनने मेसेज काढून टाकावा. खोट्या बातमीवर वनविभागाची गाडी निघाली की खऱ्या ठिकाणी ती उशिरा पोहोचते. अफवा पसरवल्याबद्दल गुन्हाही दाखल होऊ शकतो, हे काकांना नम्रपणे, शक्यतो फोन करून सांगा. ग्रुपवर सांगितलंत तर विषय बिबट्याचा राहणार नाही.

प्रश्न : गच्चीवर वाळवण घालायला गेलं की घार डोक्यावर झेपावते. अंडी काढून टाकावीत का?

मुळीच नाही, घारीलाही कायद्याचं संरक्षण आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिचं घरटं असतं आणि पिल्लं उडाली की झेपावणं थांबतं. तोवर गच्चीच्या दारावर पाटी लावा आणि जाताना छत्री उघडून जा. पापड दुसऱ्या विंगच्या गच्चीवर वाळतील.