नवरा गप्प झाला तर बोलायचं कसं?

प्रश्न : आमचं पाच एकर कोरडवाहू वावर. यंदा बोंडअळीनं कपाशी गेली, सोयाबीनलाही भाव नाही. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं आहे. हे कुणाशीच बोलत नाहीत, अर्धं जेवण टाकून ओट्यावर जाऊन बसतात. काही विचारलं की वसकन अंगावर येतात. मी काय करू?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, ‘काय झालं?’ हे विचारणं आधी थांबवा. काय झालं ते तुम्हा दोघांनाही माहीत आहे. त्यावर उपाय सुचत नाही म्हणून ते चिडतात. ताटावर, पोरांदेखत किंवा ते पिऊन आले असतील तेव्हा पैशाचा विषय नकोच. तो ढोरांचं चारापाणी करताना, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटताना काढा. हात कामात असले, नजरेला नजर नसली की गडीमाणूस लवकर बोलतो.

सुरुवात आकड्यांनी करा : “कुणाचे किती द्यायचे, मलाही लिहून घेऊ द्या.” वहीत चार रकाने पाडा : कुणाचे, मुद्दल, व्याज, तारीख. आधी सोसायटी, मग कृषी केंद्राची उधारी. सावकाराचं आणि सोयऱ्यांचं उसनं शेवटी येईल, कारण लाज तिथंच असते. त्या दिवशी फक्त लिहा, उपाय शोधू नका. “मी तवाच म्हटलं होतं” या एका वाक्यानं वही कायमची मिटते. “होईल सगळं नीट” यानंही तेच होतं. आवाज चढला तर “चहा झाल्यावर बोलू” म्हणा आणि चहानंतर खरंच बोला.

नवं-जुनं करायला, म्हणजे सोसायटीचं जुनं कर्ज भरून नवं उचलायला, सावकाराकडून पैसे काढायचा विचार असेल तर दोघांनी मिळून ठरवा. महिना शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के, हे आधी वहीत मांडा.

झोप उडाली, दारू वाढली, ‘माझ्यामागं’ अशी भाषा आली, देण्याघेण्याची निरवानिरव सुरू झाली, तर सरळ विचारा : “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्हीही लावू शकता. पुढं जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि वसकन बोलणं वेगळं, हात उगारणं वेगळं. ते कर्जाच्या खात्यावर टाकून सोसू नका. त्यासाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे.