'समांतर चरित्रे' की 'जोडचरित्रे'?

प्रश्न असा होता की प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने ग्रीक आणि रोमन माणसांवर जो ग्रंथ लिहिला त्याला मराठी लेखात 'समांतर जीवने' म्हणायचं का 'समांतर चरित्रे', आणि चरित्र म्हटलं की चारित्र्याशी गल्लत होत नाही का?

गल्लत होते, आणि माझ्या मते इथे तीच हवी आहे! मूळ ग्रीक शब्द 'बिओस', त्याचा अर्थ आयुष्य, जगण्याची रीत आणि त्या आयुष्याबद्दल लिहिलेलं पुस्तकसुद्धा. 'बायोग्राफी' ज्यावरून आला तो ग्रीक शब्द प्लुटार्कनंतर कित्येक शतकांनी लिखाणात दिसतो. आपल्याकडे चरित्र हा शब्द 'चर्' धातूवरून, म्हणजे चालणं, वागणं. हिंदीवाला चरित्र म्हणतो तेव्हा त्याला स्वभाव, शील म्हणायचं असतं, पुस्तकाला तो जीवनी म्हणतो. मराठीत पुस्तक ते चरित्र आणि शील ते चारित्र्य, पण दोन्ही एकाच घरातले. आता प्लुटार्क अलेक्झांडरच्या चरित्राच्या सुरुवातीला काय म्हणतो बघा, मी इतिहास लिहीत नाहीये, बिओस लिहितोय, आणि हजारो माणसं मेलेल्या लढाईपेक्षा एखादा शब्द, एखादी थट्टा माणसाचा स्वभाव जास्त उघड करते, चित्रकार जसा चेहरा आणि डोळ्यांकडे बघतो तसं मी बघतो. म्हणजे वागण्यातून शील दाखवायचं. 'जीवने' म्हटलं की हे सगळं गळून पडतं, शिवाय त्या शब्दाने डोळ्यापुढे काहीच येत नाही. तेव्हा 'चरित्र'च ठेवा.

माझी खरी तक्रार आहे ती 'समांतर'बद्दल. आपण समांतर म्हणतो तेव्हा सारखं अंतर राखून जाणाऱ्या, कधीच न भेटणाऱ्या रेषा डोळ्यासमोर येतात, रेल्वेचे रूळ. समांतर सिनेमा, समांतर सरकार यातसुद्धा वेगळी चूल हाच अर्थ. ग्रीक 'पॅरालेलॉस'मध्ये मूळ अर्थ आहे एकमेकांच्या शेजारी. आणि प्लुटार्क करतो काय, तर एक ग्रीक घेतो, एक रोमन घेतो, दोघांना शेजारी उभं करतो आणि बहुतेक जोड्यांच्या शेवटी दोघांची तुलनाही लिहितो. कुस्तीच्या फडात जोड लावतात ना, अगदी तसं. 'याला जोड नाही' असं आपण म्हणतो तोच हा 'जोड'. म्हणून मला 'जोडचरित्रे' हा शब्द सुचवावासा वाटतो, जोडाक्षर, जोडशब्द, जोडनाव याच ओळीतला आहे, कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

एक जोड घेऊन बघू, अथेन्सचा अरिस्टायडीस आणि रोमचा थोरला केटो, दोघेही राजकारणी. अरिस्टायडीसला हद्दपार करायचं मतदान चाललंय, खापरीच्या तुकड्यावर नाव लिहायचं, एक अडाणी खेडूत त्यालाच कुणीतरी परका समजून म्हणतो यावर अरिस्टायडीस लिहून दे, त्याने तुझं काय वाकडं केलं असं विचारल्यावर म्हणतो काही नाही, ओळखतही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो ते ऐकून कंटाळा आलाय, आणि हा काही न बोलता स्वतःचं नाव लिहून देतो. दुसरीकडे केटो, काटकसरीचा पक्का, म्हातारे झालेले गुलाम विकून टाकणारा. इथे प्लुटार्कला राहवत नाही, तो सांगतो की अथेन्सला मंदिराच्या कामातून मोकळं सोडलेलं एक खेचर आपणहून कामावर यायचं, ओझ्याच्या जनावरांच्या पुढे चालायचं, तर लोकांनी त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने पोसलं, आणि मी तर माझ्यासाठी राबलेला बैलसुद्धा म्हातारा झाला म्हणून विकणार नाही. शेवटच्या तुलनेत मग एकाची गरिबी आणि दुसऱ्याची काटकसर समोरासमोर येतात, अरिस्टायडीसच्या मुलींचा हुंडा शहराने दिला हेही तो सोडत नाही. यात समांतर काय आहे?

अशी ४८ चरित्रं आज उरलीत, शिवाय चार सुटी. ग्रीक सेनापती एपॅमिनोंडस आणि रोमन सेनापती स्किपिओ यांची जोड मात्र हरवली, आणि एपॅमिनोंडस तर प्लुटार्कच्याच बिओशिया प्रांताचा, त्यामुळे जास्त चुटपुट लागते. प्लुटार्क स्वतः तिथल्याच कायरोनियाचा, इसवी सन ४५च्या आसपास जन्मलेला, डेल्फीच्या देवळात पुजारी. आमचं गाव लहान आहे, आणखी लहान होऊ नये म्हणून मी इथेच राहतो, असं त्याने लिहून ठेवलंय. तिथेच तो हेही सांगतो की लॅटिन मी उशिरा शिकलो, आणि शब्दांवरून गोष्टी कळण्यापेक्षा गोष्टी आधी माहीत होत्या म्हणून शब्द उलगडत गेले. शब्दांच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य फार जवळचं वाटतं.

तर लेखात पहिल्यांदा नाव येईल तिथे 'जोडचरित्रे, म्हणजे रूढ नावाने समांतर चरित्रे' असं लिहा आणि पुढे नुसतं जोडचरित्रे. नाव प्लुटार्क असंच राहू द्या, ग्रीक उच्चार प्लूतार्खोसच्या जवळ जातो पण मराठीत प्लुटार्क रुळलंय.